फ्यूजला गुंडाळलेली चांदी



एरवी मी इथे एखादा घटक वर्गात कसा घेतला, त्यासाठी काय साहित्य बनवलं, मुलांनी काय उत्तरं दिली असं लिहितो. आजचा घटकही वर्गातलाच आहे, ज्वलन आणि वीज. फक्त त्याचं साहित्य मी बनवलेलं नाही. ते आमच्या घरच्या पिकअपच्या बॉनेटखालून जळून बाहेर आलं. हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घालवले, कारण यात माझी चूक आहे. पण वर्गात मुलांना सांगून झालं आहे, घरी सांगून झालं आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं.

आम्ही पारनेर तालुक्यातले. घरी कोरडवाहू शेती, त्यातला थोडा तुकडा विहिरीवर. अण्णांनी आणि दादानं मिळून २००८ मॉडेलची एक डिझेल पिकअप सेकंडहँड घेतली, तेव्हा मी डी.एड.ला होतो. त्या गाडीच्या भाड्यातून माझी शेवटच्या वर्षाची फी आणि मेसचे पैसे गेले, हे आधीच सांगून ठेवतो. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे आणि दादा गाडी चालवतो. पावसाळ्यात वाटाणा, हिवाळ्यात कांदा, मधल्या काळात कोणाचं कडबा-पेंड, कोणाच्या लग्नाचं सामान. पारनेरचा हिरवा वाटाणा तुम्ही खाल्ला असेल. तो ऑगस्टमध्ये रात्रीच निघतो आणि माळशेज घाट उतरून पहाटे कल्याणला किंवा वाशीला पोचतो.

घाटात धुकं फार असतं म्हणून दादानं पुढच्या बंपरवर दोन जादा दिवे बसवून घेतले होते. पिवळे, शंभर-शंभर वॅटचे. बसवणाऱ्यानं पार्किंग लाइटच्या वायरीलाच जोड मारून दिला. वेगळी वायर नाही, रिले नाही, काही नाही. अर्ध्या तासात काम झालं आणि दिवे लखलखीत लागले, त्यामुळे आम्हीही खूश.

१५ ऑगस्ट २०२२ ची रात्र. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, अमृत महोत्सवाचं वर्ष म्हणून गावभर फेरी काढली, मुलांना चॉकलेटं वाटली. रात्री दादाचा नेहमीचा जोडीदार आला नाही म्हणून वाटाण्याच्या गोण्यांवर ताडपत्री बांधून मीच त्याच्याबरोबर निघालो. घाटात शिरलो आणि थोड्या वेळात जादा दिवे गेले. त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवेही गेले. पुढचे हेडलाइट चालू होते, पण धुक्यात त्यांचा उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो. त्याहून भीती मागची. आपली गाडी मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नव्हती.

दादानं गाडी एका रुंद जागी कडेला घेतली. मोबाईलच्या उजेडात मी फ्यूजचं झाकण उघडलं. निळा फ्यूज उडालेला होता. निळा म्हणजे पंधरा अँपिअरचा. लाल दहाचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. हे मला पाठ होतं, कारण डी.एड.ला असताना वितळतारेचा तक्ता मीच केला होता, थर्माकोलवर, आणि सरांनी तो कॉलेजच्या प्रदर्शनात लावला होता. जादाचा फ्यूज गाडीत नव्हता. खिशात सकाळचं एक चॉकलेट उरलं होतं. मी त्याची चांदी काढली, तीन-चार घड्या घातल्या, उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांवरून गुंडाळली आणि फ्यूज परत दाबून बसवला. दिवे लागले.

दादा म्हणाला, "शिकल्याचा फायदा असतो बघ."

चॉकलेट आम्ही दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. कल्याणला पोचल्यावर पंधरा-वीस रुपयांचा नवा फ्यूज घ्यायचा हे डोक्यात होतं. पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलं. मग मी शाळेत, गाडी दादाकडे, आणि ती चांदी झाकणाखाली पाच महिने तशीच राहिली.

संक्रांतीनंतरचा आठवडा, जानेवारी २०२३. पहाटे दादा एकटाच तीस गोण्या लाल कांदा घेऊन नेप्तीच्या मार्केटला निघाला होता. टाकळी ढोकेश्वर सोडलं तेव्हा दाट धुकं होतं म्हणून त्यानं जादा दिवे लावले आणि ते लागलेलेच राहिले. भाळवणीच्या पुढे त्याला आधी जळक्या रबराचा वास आला. त्याला वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. मग डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि विझले. त्यानं ब्रेक मारला तर पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक. बॉनेटच्या फटीतून ज्वाळा दिसली ती त्यानंतर.

इथे थोडं थांबून ब्रेकचं सांगतो, कारण पुढे गॅरेजमध्ये मला ते कळलं आणि फार उपयोगाचं आहे. अशा डिझेल गाडीत ब्रेकला जी मदत मिळते ती व्हॅक्यूमची असते, आणि तो व्हॅक्यूम तयार करणारा छोटा पंप बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्याची रबरी नळी जळली की मदत संपते. ब्रेक लागतो, पण पायाची सगळी ताकद घालावी लागते. दादानं दोन्ही पाय घातले. गाडी कडेला घेतली, गिअरमध्ये ठेवूनच क्लच सोडला आणि इंजिन दाबून बंद पाडलं. चावी फिरवून ते बंद पडत नव्हतं.

तो उतरला आणि त्यानं बॉनेट उघडायला हात घातला. समोरच्या चहाच्या हॉटेलातला म्हातारा ओरडत पळत आला, "उघडू नको! उघडू नको आरं!" बॉनेट पूर्ण उघडलं असतं तर आत हवा गेली असती आणि आग दादाच्या तोंडावर आली असती. त्या म्हाताऱ्यानं फावड्यानं रस्त्याकडेची माती बॉनेटच्या फटीतून आणि खालून मारायला सुरुवात केली. पाणी नाही, माती. खाली डिझेल ठिबकत होतं. पाणी मारलं असतं तर जळतं डिझेल पाण्यावर तरंगत चाकापर्यंत गेलं असतं. तेवढ्यात मागून आलेल्या एका कंटेनरवाल्यानं आपला लाल बाटला काढला आणि खालच्या बाजूनं पावडर मारली. आमच्या गाडीत बाटला नव्हता.

सगळं मिळून दहा मिनिटं चाललं असेल. दादाचे उजव्या हाताचे केस जळाले आणि दोन बोटांना फोड आले. बाकी काही नाही. कांदा शाबूत होता. हॉटेलवाल्यानं त्याला आत नेऊन बसवलं, चहा दिला, आणि दादानं मला फोन केला तो असा, "गाडी गेली. मी हाय."

मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बॉनेटचा रंग मधोमध फुगून पापुद्रे सुटले होते. दर्शनी काचेला खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडा. बॉनेट वर केलं तर सगळीकडे पिवळसर पांढरी पावडर आणि तिच्याखाली काळं. एअर फिल्टरचा डबा वितळून इंजिनवर ओघळला होता. पंख्याचा पट्टा नव्हताच. मी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल? फ्यूजचा डबा. तो आतल्या बाजूला, स्टिअरिंगखाली होता, त्याला धग लागली नव्हती. झाकण उघडलं. निळ्या फ्यूजवर चांदी तशीच होती, थोडी काळवंडलेली.

मी झाकण लावून टाकलं. खरं सांगतो, त्या क्षणी ती चांदी काढून खिशात घालावी असं मनात आलं होतं. दादा मागेच उभा होता म्हणून घातली नाही.

विम्याचं आधी उरकून घेतो. आमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. त्यात आपल्या गाडीनं दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीच्या आगीचं एक रुपयाही मिळत नाही. बऱ्याच पालकांच्या घरी गाड्या आहेत म्हणून लिहितो, तुमची पॉलिसी एकदा काढून वाचा. पूर्ण विमा असला तरी रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर साधारण निम्मी घट धरतात आणि गाडी दहा वर्षांच्या वरची असेल तर धातूच्या भागांवरही निम्मी. घट नको असेल तर त्याचा वेगळा हप्ता भरावा लागतो. आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडी उघडायची नाही, हेही लक्षात ठेवा.

गाडी टोचन करून नगरला एका गॅरेजवर नेली. तिथले मिस्त्री वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. चाचांनी बॅटरीची तार आधी सोडवली, मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आठ दिवस द्या. आधी धुवू, मग बोलू."

या आठ दिवसांत घरी भांडण उभं राहिलं. भंगारवाला पंचावन्न हजार द्यायला तयार होता. गावातल्या चार शहाण्यांनी सांगितलं, द्या भंगारात, नाहीतरी पंधरा वर्षं भरलीच, आता सरकार जप्तच करणार. हे चूक आहे आणि अजूनही लोक तसं बोलतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम आला. दिल्लीच्या परिसरात वयावरून बंदीचे वेगळे आदेश आहेत. आपल्याकडे खाजगी मालकीची मालवाहू गाडी नुसत्या वयावरून भंगारात जात नाही. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं, आणि पासिंगला ती नापास झाली तर प्रश्न. म्हणजे परीक्षा आहे, निवृत्ती नाही. पण अण्णांना हे पटवायला दोन दिवस लागले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "जळालेल्या गाडीत माझा पोरगा परत बसणार नाही," एवढंच ते म्हणत होते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांच्या त्या वाक्याला गाडी दुरुस्त करूनच उत्तर देता आलं असतं, आणि ते मिस्त्रींच्या हातात होतं.

दुसऱ्या बाजूला, तशीच पण चालती गाडी घ्यायची तर अडीच-तीन लाख. दादाच्या नावावर आधीच पाइपलाइनचं कर्ज. आणि त्याच फेब्रुवारीत कांदा कोसळला. तुम्हाला आठवत असेल, सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला आणि सगळा खर्च वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, ती बातमी तेव्हाचीच. नंतर सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, पण ते नंतर. त्या दिवसांत गावात कोणाकडेच भाड्याला पैसे नव्हते, पण माल तर न्यावाच लागत होता. लोक दादाला विचारायचे, "गाडी कधी येतीय?" त्याला काय सांगावं कळायचं नाही.

मी शिक्षकांच्या सोसायटीतून साठ हजार काढले. बायकोला सांगितलं की दादाला मदत करायची. कशासाठी एवढी घाई, हे तिनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, भाऊ आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आता दुरुस्तीचं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला त्यात फार शिकायला मिळालं.

पहिलं काम ती पावडर काढण्याचं. मला वाटलं होतं पाणी मारलं की झालं. चाचांनी हात धरला. आग विझवायची ती कोरडी पावडर म्हणजे मुख्यतः अमोनियम फॉस्फेट, शेतकऱ्याच्या भाषेत खताच्याच जातीचं. ओलावा लागला की ती धातूला आणि तांब्याला खाते. म्हणून आधी कॉम्प्रेसरच्या हवेनं कोपरा न् कोपरा फुंकून काढायचा, ब्रशनं खरवडायचा, आणि मगच धुवायचं, धुतल्यावर लगेच वाळवायचं. इंजिनच्या तोंडावाटे थोडी पावडर आत गेली असेल तर ती सिलिंडरमध्ये घासकागदासारखं काम करते. म्हणून हवेचा पाइप खोलून आत बोटानं पुसून बघितलं, ऑइल काढून बघितलं, आणि त्याआधी एकदाही सेल्फ मारू दिला नाही. दादा रोज म्हणायचा, "एकदा मारून तर बघू." चाचा रोज नाही म्हणायचे.

इंजिन वाचलं होतं. जुनं बिडाचं इंजिन, आग वरवरची आणि थोड्या वेळाची. हेड खोलावं लागलं नाही. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. डिझेल पंप तपासायला वेगळ्या दुकानात पाठवला, त्याची रबरी सील बदलली. लोखंडी नळ्या राहिल्या. रबराचं, नायलॉनचं, प्लास्टिकचं जे जे होतं ते सगळं गेलं. डिझेलच्या परतीची नळी, रेडिएटरचे पाइप, रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी, क्लचची नळी, ब्रेक ऑइलचा डबा, व्हॅक्यूमची नळी, पट्टे. अल्टरनेटर आतून भरून घेतला. दर्शनी काच नवी. एअर फिल्टरचा डबा नवा मिळेना, जुन्या मॉडेलचा म्हणून. मी एका रविवारी पुण्याला नाना पेठेत दहा दुकानं फिरलो, अकराव्यात मिळाला. तो हातात आला तेव्हा झालेला आनंद बदलीची ऑर्डर मनासारखी आल्यावरच होतो, एवढंच सांगतो.

खरं काम वायरिंगचं. मला वाटायचं की जळालेला तुकडा कापायचा, नवा जोडायचा, वर टेप. चाचांनी एक वायर घेतली, जिथपर्यंत जळालेली दिसत होती त्याच्या वीतभर पुढे सोलली. आत तांबं काळं आणि ठिसूळ होतं, वाकवलं की तुटायचं. वीतभर अजून पुढे सोलली. तिथेही काळपट. "दिसतं तिथं आग संपत नाही, गुरुजी," ते म्हणाले. चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत मागे मागे जायचं. तसं करत करत पुढच्या भागाचा सगळा झुबकाच बाहेर आला. नवा झुबका आणला, तरी त्याची प्रत्येक वायर त्यांनी मीटर लावून तपासली. पत्र्याच्या भोकातून वायर जिथे केबिनमध्ये जाते तिथली रबरी गोल चकती नसेल तर पत्र्याची कड वायरीला कापत राहते. आमच्या गाडीत दोन चकत्या आधीपासूनच नव्हत्या.

मार्चमध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला, १४ ते २० मार्च. सकाळी आंदोलनात बसून दुपारनंतर मी गॅरेजवर जायचो. त्यातल्याच एका दुपारी चाचा फ्यूजच्या डब्याकडे आले. दादा शेजारी बोनेटाचा पत्रा खरवडत होता. चाचांनी चिमट्यानं तो निळा फ्यूज उपसला, उजेडात धरला आणि हसले. "ही बघा. हिनं जाळली गाडी."

मग त्यांनी सगळी साखळी बोटानं दाखवली. दिव्यांची वायर बारीक, ती इंजिनच्या बाजूनं नेलेली आणि डिझेलच्या परतीच्या नळीला पट्टीनं बांधलेली. दिवे बराच वेळ चालू, वायर तापली, वरचं प्लास्टिक मऊ झालं, उघडं तांबं पत्र्याला टेकलं. शॉर्ट झालं. त्या क्षणी फ्यूज असता तर उडाला असता, दिवे गेले असते, दादानं शिव्या देत गाडी पुढे नेली असती. चांदी उडाली नाही. बॅटरीचा सगळा प्रवाह त्या बारीक वायरीतून गेला, ती लाल झाली, शेजारची नळी वितळली आणि डिझेल धुराड्याच्या मुळाशी, मॅनिफोल्डवर पडलं. डिझेलला साधारण दोनशे ते अडीचशे अंशांच्या पुढे ठिणगीही लागत नाही, ते आपणहून पेटतं. चढावर माल घेऊन जाणाऱ्या इंजिनचं मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी गरम असतं.

दादा खरवडायचा थांबला. म्हणाला, "जोडीदारानं लावली असंल. त्याला कितीदा सांगितलं काहीबाही करत जाऊ नको."

मला आठवतंय, मी पहिल्यांदा चाचांकडे बघितलं, का कोण जाणे. मग म्हणालो, "दादा, मी लावली. माळशेजला. चॉकलेटची." त्याला क्षणभर आठवेना. मग आठवलं. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी, तो ती अंगठ्यानं चोळत राहिला. "आपण दोघांनीच खाल्लं होतं ते," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पत्रा खरवडायला लागला. संध्याकाळी गाडीवर परत येताना तो माझ्याशी बोलला नाही. रात्री जेवताना वहिनीला मात्र त्यानं सगळं सांगितलं, आणि वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तर पोरांना हेच शिकवता ना?"

तो जळका झुबका आणि तो फ्यूज मी चाचांकडून मागून घेतला. संप मिटल्यावर सातवीच्या वर्गात नेला. आमच्या शाळेत शिक्षक कमी, त्यामुळे विज्ञान माझ्याकडेच. ज्वलनासाठी तीन गोष्टी लागतात, ज्वलनशील पदार्थ, ऑक्सिजन आणि उष्णता, हे मुलं धडाधड सांगतात. मी टेबलावर झुबका ठेवला आणि विचारलं, यात तिन्ही कुठे कुठे होत्या ते शोधा. अर्धा तास वर्ग त्यावर वाकून होता. डिझेल सापडलं, हवा सापडली. उष्णता कुठून आली यावर वाद. मग गणित घातलं. शंभर वॅटचे दोन दिवे, बॅटरी बारा व्होल्टची. २०० भागिले १२, साडेसोळाच्या वर अँपिअर. पार्किंगचे दिवे त्यात मिळवले की अठरा. फ्यूज पंधराचा. "सर, मग फ्यूज बरोबर उडाला होता!" एक मुलगा म्हणाला. हो. उडालेला फ्यूज खराब नव्हता. त्यानं काम केलं होतं आणि मी त्याला परत उभं केलं.

"तुम्ही?" दोन-तीन जण एकदम म्हणाले. मी म्हणालो, हो, मी. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमच्या मीटरजवळ पण पप्पांनी जाड तार टाकलीय. फ्यूज सारखा जायचा म्हणून."

त्या दिवशी गृहपाठ हाच दिला. घरच्या फ्यूजला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, फक्त मोठ्या माणसाला विचारायचं, आत काय आहे? दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांची उत्तरं एकच होती, "वायरीतली तांब्याची तार." कोणी दोन पदर, कोणी चार. विहिरीच्या मोटारीच्या पेटीत तर एकाच्या आजोबांनी खिळा लावला होता. मी त्या पालकांना नावं ठेवणारा कोण? पण पालकसभेत तो झुबका ठेवला आणि फ्यूज हातात दिला. ज्या मुलीनं आधी सांगितलं तिचे वडील तो फ्यूज बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. आठवड्यानं त्यांनी वायरमनला बोलावून घरात स्विच बसवून घेतला, तो आपोआप पडणारा. माहिती मुलीनंच आणून दिली, कोणत्या कंपनीचा, कितीला, सगळं.

दरवर्षी आम्ही मुलांची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेतो. तिथे मुलं तोफा बघतात, रणगाड्याला टेकून फोटो काढतात. पुढच्या सहलीत याच वर्गानं विचारलं, "सर, रणगाड्याचं इंजिन पेटलं तर?" मला आधी कधी हा प्रश्न पडला नव्हता. आधुनिक रणगाड्यांत आग ओळखणारे सेन्सर असतात आणि आतली माणसं काही करायच्या आत यंत्रणा आपणहून आग विझवते. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेनं प्रवासी बसगाड्यांसाठीही अशी यंत्रणा करून २०२० मध्ये दाखवली. पिकअपला अजून हॉटेलवाल्याचं फावडंच.

पाडवा २२ मार्चला होता. त्याच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. चाचांनी दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली, तिला तिचा स्वतःचा फ्यूज आणि रिले. रिले म्हणजे स्विचमधून थोडीच वीज जाते, ती आतलं कुलूप उघडते आणि मोठा प्रवाह दुसऱ्या जाड रस्त्यानं जातो. बॅटरीच्या तोंडाशी आणखी एक मोठा फ्यूज बसवला, सगळ्या गाडीचा. डिझेलची नळी वायरींपासून हातभर लांब घेतली. शंभरचे दिवे काढून पंचावन्नचे लावले. मग चाचांनी बॅटरी जोडली आणि चावी दादाला दिली. चौथ्या सेल्फला इंजिन धरलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग काहीच नाही. चाचांनी तिला अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवली आणि सगळ्या जोडांवरून उलटा हात फिरवत राहिले, कुठे गरम लागतंय का बघत.

एकूण खर्च अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेला. त्यात माझी पुण्याची फेरी धरलेली नाही. पासिंग झालं.

अण्णा पाडव्याला गुढी उतरवून झाल्यावर गाडीजवळ आले. बराच वेळ बॉनेट उघडून आत बघत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नाही. मग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसले आणि दादाला म्हणाले, "चल, टाकळीपर्यंत जाऊन येऊ."

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक आगपेटी असते, तिच्यात सगळ्या रंगांचे दोन-दोन फ्यूज. ड्रायव्हर सीटमागे दोन किलोचा बाटला आहे, त्याचा काटा हिरव्यावर आहे ना ते दादाची धाकटी दर सोमवारी बघते आणि मला सांगते. बॉनेट अजून नुसत्या प्रायमरमध्ये आहे, करड्या रंगाचं. रंगाला आठ हजार सांगितलेत. कांद्याला भाव आला की बघू, असं दादा म्हणतो.